समजा सर

आमच्या हायस्कुलात वीसेक वर्षं शास्त्र शिकवलेल्या या माणसाने तपासणीचा एक दिवस सोडला तर वर्गात कधी काडी ओढली नाही. प्रयोगाचा तास असला की ते टेबलामागे उभे राहत, डावा हात वर धरत आणि म्हणत, "समजा, या हातात परीक्षानळी आहे." हात रिकामा असे. "समजा, खाली दिवा पेटलेला आहे. समजा, वायू तयार झाला. समजा, तांबडा लिटमस निळा झाला." मग तो रिकामा हात झटकून म्हणत, "झाला प्रयोग. निष्कर्ष लिहा." आम्ही चाळीस मुलं मान खाली घालून निष्कर्ष लिहायचो. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण लिहून उपयोग नाही. मराठवाड्यातल्या भूम आणि वाशीच्या मधल्या आमच्या त्या गावात त्या नावाने त्यांना कुणी ओळखलं नसतं. गाव त्यांना समजा सर म्हणायचं.

सामान नव्हतं अशातला भाग नाही. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि नव्या सरकारने शाळेला शास्त्राचं सामान पाठवलं होतं. गवतात बांधलेल्या काचेच्या नळ्या, चंबू, बाटल्या, दोन स्पिरिटचे दिवे. एसटीच्या टपावरून पेटी उतरली तेव्हा आम्ही मुलं मागोमाग शाळेपर्यंत गेलो होतो. सरांनी ते सगळं एका लाकडी कपाटात रचलं, कुलूप लावलं आणि किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली. एकदा एका मुलाने विचारलं की, सर, ते कधी काढायचं. सर म्हणाले, "मुलांच्या हातात काच दिली की फुटते आणि अक्कल दिली की सांडते." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की पुढे दर वर्षी नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी ऐकवत.

ते स्वतः उर्दूतून शिकलेले. विलीनीकरणानंतर सगळं मराठीत आलं तेव्हा त्यांना सगळं नव्याने पाठ करावं लागलं आणि ते त्यांनी केलंही. पण त्यांची समजूत अशी झाली होती, की शास्त्र म्हणजे शब्दच. "पूर्वी तेजाब म्हणायचं, आता आम्ल म्हणायचं. शब्द बरोबर आला, की विषय आला," असं ते सांगत. आम्ल कसं दिसतं, हातावर पडलं तर काय होतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक नसावं, ही शंका मला फार उशिरा आली. तेव्हा मी त्यांना ज्ञानी समजत होतो. सगळेच समजत होते, आणि माझे अब्बा तर सगळ्यांत जास्त.

अब्बा कल्हईवाले होते. आठवड्याच्या बाजारात चिंचेखाली आमची भट्टी लागायची. भांडं तापलं की अब्बा त्यात नवसागराची चिमूट टाकत, पांढऱ्या धुराचा लोट उठे, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने पुसलं की काळं पातेलं चांदीसारखं निघे. तो धूर माझ्या नाकात लहानपणापासून बसला होता. म्हणून नववीत सरांनी अमोनियाचा धडा घेताना "अमोनियम क्लोराइड, व्यवहारातील नाव नवसागर" असं लिहून दिलं, तेव्हा मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, "सर, नवसागर आमच्या घरी आहे. तापल्या भांड्यावर टाकला की धूर होतो. उद्या घेऊन येऊ का?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ती कल्हई," ते म्हणाले. "हे शास्त्र आहे. खाली बस." वर्ग हसला. मी बसलो. त्यांना चिडायचंसुद्धा कारण वाटलं नव्हतं, हे मला त्या वयातही कळलं. माणूस बाहीवरची माशी उडवतो तेवढंच त्यांनी केलं होतं.

त्याच हिवाळ्यात शाळेची तपासणी झाली. उस्मानाबादहून साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. आमच्या वर्गात येऊन ते मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "अमोनिया झालाय ना? मग करून दाखवा." सरांनी डावा हात वर केला. "समजा," ते म्हणाले.

"समजा नको," साहेब म्हणाले. "कपाट आहे की तिथं."

कुलूप गंजून बसलं होतं. किल्ली फिरेना. शेवटी शिपाई बाबूमियांनी दगडाने ते तोडलं. आत वाळवी लागली होती. नळ्या धड होत्या, पण बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. पाच-सहा बाटल्यांत पांढरी पूड, आणि कुठली कशाची हे सांगायला कागदाचा कपटा नाही. सरांनी दोन बाटल्या काढल्या. कशावरून त्याच काढल्या, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्हींतली पूड नळीत घालून नळी दिव्यावर धरली. नळी ज्योतीवर स्थिर राहत नव्हती. नळी काळी झाली. वास नाही, वायू नाही. तांबडा लिटमस तांबडाच राहिला.

पाचेक मिनिटांनी सर साहेबांना म्हणाले, "समजा, निळा झाला."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मुलांकडे वळून विचारलं, "यातला नवसागर कुणाला ओळखता येईल?" मी उठलो. नवसागराला चुना लागला की वास नाकात झोंबतो, हे मी भट्टीवर अनुभवलं होतं. बाबूमियांच्या चंचीतून तंबाखूला लावायचा चुना मागून घेतला. एकेका बाटलीतली चिमूट तळहातावर चुन्याशी चोळून नाकाशी नेली. तिसऱ्या बाटलीला डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी माझा हात धरून स्वतः हुंगला आणि तेही मागे सरले. "हा," ते म्हणाले. "कुठं शिकलास?"

"कल्हईवाल्याचा आहे साहेब," बाबूमिया परस्पर बोलले.

साहेबांनी काय शेरा लिहिला ते आम्हाला कळलं नाही. सरांनी काय लिहिलं ते मात्र कळलं. वर्षाच्या शेवटी माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: शास्त्र विषयास अयोग्य, वृत्ती उद्धट. तेवढ्यावर त्यांचं भागलं नाही. ते बाजारच्या दिवशी चिंचेखाली आले आणि उभ्या उभ्या अब्बांना म्हणाले, "मुलाला उगाच ताणू नका. त्याच्या डोक्याची धाव भट्टीपर्यंत आहे. हाताशी घ्या."

"तुमी म्हणता तर तसंच असंल, मास्तर," अब्बा म्हणाले. ते उठून उभे राहिले होते, हात जोडलेले होते. शिकलेल्या माणसाचा शब्द त्यांना पुरे होता. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी भाता ओढत होतो. माझ्या वर्गातली मुलं वह्या घेऊन समोरून जात आणि मी राख उडाल्यासारखं करून तोंड फिरवी. ते वर्ष कसं गेलं हे मी सांगत नाही. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर एका बाजारी सर स्वतः पोत्यात दोन पितळी पातेली घेऊन आले. तोंड उतरलेलं, डोळे खोल गेलेले. अब्बांनी एक पातेलं उन्हाकडे धरून आत पाहिलं. बुडाला हिरवट थर होता.

"ह्यात काय ठेवलं व्हतं, मास्तर?"

"ताक."

"कवापास्नं?"

"परवा सकाळपासून. काल सगळ्यांनी घेतलं, आणि घरात सगळ्यांना उलट्या. धाकटी अजून उठलेली नाही. हिचं म्हणणं, भांड्यात काही दोष आहे."

"भांड्यात न्हाय दोष," अब्बा हळू म्हणाले. "कल्हई उडाल्याली दिसतीया की. असल्यात आंबट ठिवत न्हाईत. कळकतंय. बायामानसांनाबी ठावं असतंय हे."

सरांनी रुमालाने तोंड पुसलं. "पुस्तकात ताम्राचे क्षार आहेत," ते म्हणाले. "ताकाचं काही दिलेलं नाही."

अब्बा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही पातेली घासली, तापवली, कल्हई केली. एरवी एकदा फिरवत तो बोळा त्या दिवशी दोनदा फिरवला. पोरीला ताक देऊ नका, मिठाचं-साखरेचं पाणी पाजा आणि दवाखान्यात न्या, एवढं बजावून सांगितलं. सर पाठमोरे झाले. ते दिसेनासे होईपर्यंत अब्बा बसून राहिले आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कल से इस्कूल कू जा."

"पण सरांनी..."

"उनका ऱ्हने दे."

धाकटी वाचली. मी शाळेत परत गेलो, एक वर्ष मागे. सरांनी मला त्यानंतर कधी हटकलं नाही आणि कधी काही विचारलंही नाही. मी बाकावर नाहीच, असं धरून ते शिकवत. सारं 'समजा'च. कपाटाला नवं कुलूप आलं होतं. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने लिहिली पाहिजे: ते कधी गैरहजर राहिले नाहीत. ओढ्याला पाणी आलं तर धोतर खोचून, वहाणा डोक्यावर धरून येत आणि ओल्या अंगाने तो रिकामा हात वर करत. इतकी निष्ठा कशावर होती, ते मला अजून उमगलेलं नाही. मुलांवर नव्हती, हे नक्की.

मी मॅट्रिक झालो, पुढे शिकलो आणि वाशीला शास्त्राचा शिक्षक झालो. माझ्या वर्गात महिन्याला एक-दोन नळ्या फुटतात. मी त्या झाडून टाकतो.

सर निवृत्त झाल्यावर एकदा वाशीच्या स्टँडवर दिसले. कोट तोच, आत माणूस निम्मा राहिलेला. मी नमस्कार केला. न करण्याइतका माझा उद्धटपणा शिल्लक नव्हता. त्यांनी मला ओळखलं.

"शास्त्रच शिकवतोस ना?"

"हो."

"प्रयोग करतोस?"

"रोज."

ते फलाटाकडे बघत म्हणाले, "ऑक्सिजनचं ते... विझत आलेली काडी आत घातली की भडकते म्हणतात. खरंच भडकते?"

"भडकते."

"मी इतकी वर्षं सांगितलं. पाहिलं कधीच नाही. आम्हालाही कुणी दाखवलं नव्हतं रे. आणि नंतर मुलांसमोर नळी धरायची म्हटलं, की हात कापायचा." पिशवी दुसऱ्या हातात घेऊन ते म्हणाले, "तुझ्या वर्गात एकदा येऊ का? मागं बसेन. बोलणार नाही."

"या की कधीतरी," मी म्हणालो. जे 'कधीतरी' समोरच्याने येऊ नये म्हणून आपण म्हणतो, ते. त्यांना ते कळलं असावं. "बघू," ते म्हणाले. भूमची गाडी लागली. मी त्यांची पिशवी वर दिली आणि ते पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले.

त्याच वर्षी थंडीत ते वारले. बातमी ऐकली तेव्हा मला आधी स्टँडवरची ती दुपार आठवली. शनिवार होता. शाळा सुटलेली होती, मला काही काम नव्हतं, आणि शाळा तिथून दहा मिनिटांवर होती.