फळ्यापाशी दोन क्वार्टरबॅक

मिशिगनमध्ये एमएस करताना मला युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमच्या व्हिडिओ रूममध्ये काम मिळालं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हातानं खेळायचा. सामन्याच्या रेकॉर्डिंगमधून एकेक डाव, म्हणजे चेंडू सुटल्यापासून थांबेपर्यंतचा खेळ, वेगळा काढायचा आणि खेळाडूंसाठी डीव्हीडी करून ठेवायच्या. नागपूरहून आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या वर्षी क्वार्टरबॅकच्या जागेसाठी दोघांत चुरस होती. चेंडू कुणाकडे फेकायचा ते क्वार्टरबॅक ठरवतो, सगळा खेळ त्याच्या डोक्यावर चालतो. एक होता शेवटच्या वर्षाचा, उंच, अबोल. मी कुलूप उघडायच्या आधी दाराशी हजर. एकच डाव इतक्यांदा मागेपुढे करून बघायचा की मलाही तो पाठ व्हायचा. दुसरा सेकंड इयरचा. डीव्हीडी न्यायचा आणि गाडीत विसरायचा. पण मैदानावर समोरचे काय करणार, हे त्याला आधीच दिसायचं.

सीझनच्या तोंडावर कोचनं दोघांना सगळ्या टीमसमोर फळ्यापाशी उभं केलं. चेंडू सुटायच्या आधी मी व्हिडिओ थांबवायचा आणि त्यांनी बचाव करणाऱ्यांचा बेत ओळखायचा. धाकटा झटकन सांगायचा. कशावरून, असं विचारलं की खांदे उडवायचा. मोठा सगळं उलगडून सांगायचा. बरोबरच असायचं, पण उशिरा.

"एवढ्या वेळात त्यांनी तुला आडवा केला असता," कोच म्हणाला.

पुढच्या डावाला मोठा अडखळला. कोच माझ्याकडे वळला. "तू सांग."

"डावीकडचा धावून येईल," मी म्हणालो. तसंच झालं.

"बघ. यानं आयुष्यात चेंडू धरलेला नाही, तरी याला कळतं."

सगळे हसले. "मी हा डाव आधी पाहिलाय," मी म्हणालो, पण ते हसण्यात बुडालं. मोठा मार्कर धरून तसाच उभा होता. त्याची मान लाल होत गेली. मला वर बघवेना.

जागा धाकट्याला मिळाली. त्या रविवारी जवळच्या ट्रॉय गावात ओळखीच्या काकूंकडे जेवताना माझ्या रूममेटनं हा किस्सा रंगवून सांगितला. "यार, यानं क्वार्टरबॅकला गार केलं." काका कौतुकानं हसले. मी पाणी आणायला उठलो.

सोमवारी मोठा नेहमीसारखा दाराशी होता.

"त्या दिवशीची मला लाज वाटते," मी म्हणालो.

"तुला विचारलं, तू सांगितलंस. मला दिसतं रे, ओठांवर यायला वेळ लागतो." मग म्हणाला, "शनिवारी ज्यांच्याशी सामना आहे, त्या टीमची डीव्हीडी दे. धाकट्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं."

सीझनभर दोघं शेजारी बसून बघत राहिले. धाकटा आता 'कशावरून'ही सांगू लागला. टीम बऱ्यापैकी जिंकली.

आमच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला, शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांना घेऊन मैदानावर येतात, तेव्हा त्या मोठ्या क्वार्टरबॅकनं मला हाक मारून आईसमोर नेलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "फोनवर तुझ्याबद्दल सांगतो तो."

काय सांगतो, हे विचारायचा मला धीर झाला नाही.