बाटलीवर फक्त क्रमांक

यवतमाळच्या एस.टी. स्टँडवर पुण्याची बस सुटायला वीस मिनिटे होती आणि बाबा पट्टी ठेवून माझ्या ट्रंकेवर खडूने नाव लिहीत होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवत. वाकडी ओळ त्यांना सहन होत नसे. आई म्हणाली, "बाप्पा, बस निघून जाईन, पण तुमची रेघ काही संपत नाही!" त्याच वेळी बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत लोणच्याची बरणी कलंडली होती. हिंग-मोहरीचा वास बाकावरच्या अनोळखी माणसांपर्यंत पोहोचला, पण बाबांना तो आला नाही. तेल सदऱ्यावर उतरले, तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिले. आम्ही सगळे हसलो. मी नोंद करायला हवी होती.

नव्वदीचे दशक संपत आले होते. बसमधली निम्मी मुले संगणकाचे कोर्स करायला निघाली होती आणि मी निघाले होते मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या पेशींचा अभ्यास करायला. कर्वेनगरच्या खोलीतली माझी सोबतीण दिवसभर 'कोडिंग' आणि 'व्हिसा' बोलत असे. संध्याकाळी मी दमून आले की विचारी, "काय गं, तुझा उंदीर कॅम्पसमधून सिलेक्ट झाला का?"

जे घरी राहिले आणि जे माझ्यासारखे निघाले, त्या सर्वांसाठी माझे काम एकदा नीट सांगते. नाकाने टिपलेला वास मेंदूच्या पुढच्या टोकाला असलेल्या एका लहानशा कंदात पोहोचतो. तिथल्या पेशींच्या पडद्यात सूक्ष्म दारे असतात. त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमची दारे उघडली की विद्युतभारित कण आत शिरतात आणि पेशीत विजेचा ठोका उमटतो. मग पोटॅशियमची दारे उघडतात, कण बाहेर जातात आणि पेशी शांत होते. ही शांत करणारी दारे बंद पाडली तर पेशी अधिक सहज पेटते. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवून मी हे ठोके मोजत असे. स्पीकरमधून ते टक्‌ टक्‌ ऐकू येत. उंदराच्या मेंदूचा पातळ काप खारट द्रावणात काही तासच जिवंत राहतो. शेवटी ठोके विरळ होत जातात आणि नंतर नुसती खरखर उरते. त्या खरखरीची मला पहिल्यापासून भीती वाटे.

प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ शेखकाका चार पिढ्यांचे पुणेकर. एकदा माझ्या पेशी सकाळपासून गप्प होत्या, तेव्हा ते म्हणाले, "अहो मॅडम, द्रावणात ग्लुकोज घालायला आपण विसरलात. पेशींचा उपास आहे आज. त्यांना उगाच रागावू नका." द्रव्यांच्या बाटल्या तेच भरत आणि त्यांवर फक्त क्रमांक टाकत. कुठल्या बाटलीत दारे बंद पाडणारे औषध आणि कुठल्या बाटलीत नुसते द्रावण, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, असा तिथला नियम होता. माणसाला जे हवे असते तेच दिसू लागते, म्हणून हा नियम.

दुसऱ्या वर्षी वाचनालयात एक लेख वाचताना मी थांबले. काही माणसांत कंपवाताच्या कितीतरी वर्षे आधी वास येईनासा होतो, असे त्यात लिहिले होते. मला तेलाने माखलेला सदरा आठवला. पुढची ओळ वाचता येईना.

दिवाळीला घरी गेले. बाबांच्या डोळ्यांवर पंचा बांधला, आईचा मिसळणाचा डबा उघडला आणि एकेक वाटी त्यांच्या नाकाशी धरली. जिरे, धणे, हळद, लवंग, दालचिनी, हिंग. बाबांनी सहाही ओळखले. मी आनंदाने वहीत सहा बरोबरच्या खुणा केल्या आणि परतीच्या प्रवासात दोन वर्षांची झोप काढली.

शेखकाकांना हे सांगितले, तेव्हा ते नळ्या धुवत होते. मागे न वळता त्यांनी विचारले, "वाट्या कुठल्या क्रमाने दिल्यात?"

"डब्यातल्या."

"डबा कुणाचा?"

तीस वर्षे त्या घरात तोच डबा होता, त्याच जागी त्याच वाट्या. झाकण वाजले तेव्हाच बाबांना उत्तरपत्रिका मिळाली होती. उंदराच्या पेशीसाठी जो नियम मी एकदाही मोडला नव्हता, तो सख्ख्या बापाच्या बाबतीत मोडला होता, कारण मला उत्तर आधीच हवे होते.

काकांनी दहा बाटल्या भरून दिल्या. वर क्रमांक, आत कापूस. तीन बाटल्यांत नुसते पाणी. यादी त्यांनी स्वतःकडे ठेवली. संक्रांतीला मी बाबांची उत्तरे लिहून घेतली आणि चौकातल्या एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला.

"एक?" काका म्हणाले.

"लवंग."

"पाणी. दोन?"

"हिंग."

"कॉफी. पुढचं सांगा, बेटा."

एरवी अहो-मॅडमशिवाय न बोलणाऱ्या काकांनी त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. निकाल मला दुसऱ्याच क्रमांकाला कळला होता. तरी दहाही वाचून घेतले. रिसीव्हर कानाशी घामाने चिकटला होता.

घरी आले तर बाबा अंगणात वह्या तपासत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हळद डब्याच्या मधात असते, हे मला माहीत नाही काय? दिवाळीला तू घाबरली होतीस, पोरी. म्हणून बरोबर सांगत गेलो."

डॉक्टर म्हणाले, वास जाण्याची कारणे अनेक असतात, प्रत्येकाला कंपवात होतोच असे नाही. हातावर लक्ष ठेवा. आम्ही तीन माणसे सहा वर्षे एका उजव्या हातावर लक्ष ठेवून जगलो. सातव्या वर्षी फळ्यावरची रेघ थरथरली. त्याच उन्हाळ्यात एका दुपारी बाबा उघड्या राहिलेल्या गॅसशेजारी पेपर वाचत बसलेले आईला सापडले. महिन्याभरात मी दोघांना पुण्याला आणले, बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत. कर्वेनगरची सोबतीण तोपर्यंत न्यू जर्सीला पोहोचली होती. तिचे मेल येत, "तू अजून पुण्यातच?" मला पुण्यापलीकडे जायचे धैर्यच उरले नव्हते.

आता मी कॉलेजात शिकवते. संध्याकाळी जिना चढताना बाबांच्या चमच्याचा ताटावरचा टकटकाट ऐकू येतो. दारात थांबून मी खोल श्वास घेते. गॅसचा वास आला नाही, तर त्याचे अर्थ दोन निघतात: घर सुरक्षित आहे, किंवा आता माझेही नाक गेले. बाबांचे रक्त माझ्यात आहे. दुसरी शक्यता मला खोडता येत नाही. हे मी एकदा आईला समजावून सांगितले. ती चौथी शिकलेली. पण त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या पर्समध्ये ती एका डबीत कापसाचा बोळा घालते. कशात भिजवलेला, ते सांगत नाही.

यवतमाळचे घर विकले. घर कुठे, असे कुणी विचारले तर मी आता बिबवेवाडी सांगते. दारात उभी राहून मी डबी उघडते, हुंगते आणि मोठ्याने म्हणते, "ओवा." मग आत भांडे ठेवल्याचा आवाज होतो. आईला हल्ली कमी ऐकू येते, कधी बाबांना पाणी पाजत असते. आतून तिचे "बरोबर" येईपर्यंत मी चपला काढत नाही.