न खाकरता

आमच्या सानगडीच्या घरी एक कायदा होता. पुरुषाने अंगणात पाय टाकण्याआधी खाकरायचं. वडील खाकरायचे, काका खाकरायचे, दूधवालाही खाकरायचा. कारण न्हाणी अंगणातच होती. न्हाणी म्हणजे दोन फरश्या, एक दगड आणि कमरेएवढा कुडाचा आडोसा. बाईमाणूस अंग धूत असलं तर आतून "थांब" असा आवाज यायचा आणि घरधनीसुद्धा मुकाट्याने रस्त्यावर उभा राहायचा. लहानपणी मी एकदा तसाच आत घुसलो, तर मायने हातातला पाण्याचा गडवा फेकून मारला होता. नेम चांगला होता तिचा.

आज लाखनीला हायवेवर माझं दुकान आहे. आधी टीव्ही दुरुस्त करायचो, मग मोबाईल, आता कॅमेरे बसवतो. माय मात्र सानगडीलाच, एकटी. न्हाणीच्या दगडावर तिचा पाय घसरला आणि शेजारीण येईपर्यंत ती तिथेच पडून राहिली, तेव्हा मी म्हणालो, चल लाखनीला. ती म्हणाली, "तुह्या त्या खोक्यात माहा जीव गुदमरते." वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पडवीच्या खांबावर एक कॅमेरा ठोकला. पांढरा, मान फिरवणारा, मोबाईलवर दिसणारा आणि बोलणारा. तोंड अंगणाकडे. पाय घसरतो तिथेच नजर हवी ना!

"अन् मी आंग धूत असन तवा?" मायने विचारलं.

"मी खाकरीन ना माय. त्यातून आवाज येते."

तसंच ठरलं. मोबाईलवर अ‍ॅप उघडलं की चित्र आधी येतं, म्हणून मी पडद्यावर तळहात ठेवायचो, बटण दाबून खाकरायचो. खांबावरून माझा खोकला अंगणात पडायचा. ती "ये" म्हणाली की हात काढायचा, "थांब" म्हणाली की बंद करायचं. दुकानातली गिऱ्हाइकं हसायची. हसू देत. दुसऱ्या कुणाच्या घरी कॅमेऱ्याला एवढी रीत शिकवली असेल असं मला वाटत नाही, आणि याचा मला गर्वही होता.

"खाकरलं नाई म्हंजे कोनी पाहत नाई, खरं ना?" तिने एकदा विचारलं होतं.

"माझ्याबिगर कोन पाहीन? पासवर्ड मी टाकला हाये." दुकानदाराच्या तोऱ्यात मी बोललो.

धानाची रोवणी उरकली त्या दिवसांत तिचा फोन आला. "काल काहून नाई खाकरला रे? मी आंग धुवून राहिली होती. त्याची मान फिरली माह्याकडे." समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं, पण वाद कोण वाढवणार? "विसरलो, माय," म्हणालो. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन, आणि माझं पुन्हा तेच "विसरलो". तिसऱ्या वेळी तिने काही विचारलं नाही. "बाबू, असं बरं नोय," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा माफी मागितली. माफी फुकट असते, लवकर देता येते.

मग लाखनीचे एक निवृत्त गुरुजी दुकानात आले. त्यांच्या घरातला कॅमेरा आपोआप मान फिरवत होता, घरात मोबाईलला कुणी हात लावलेला नसताना. मी त्यांनाच सुनावलं, नातवाचं नाव पासवर्ड म्हणून ठेवता, मग काय होणार? नवा, अवघड पासवर्ड टाकून दिला. तरी मान फिरतच राहिली; आठवड्याने ते कॅमेराच पिशवीत घालून आले. "आता हा तुमच्याच घरी राहू द्या," म्हणाले.

नागपूरला माझ्या ओळखीचा एक जण असली यंत्रं उकलण्याचंच काम करतो. त्याच्याकडे तो पाठवला. चार दिवसांनी त्याचा फोन आला. कॅमेऱ्याच्या पोटात जो मूळ प्रोग्राम असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, त्यात बनवणाऱ्यांनी स्वतःची एक किल्ली ठेवून दिली होती. या जातीच्या प्रत्येक कॅमेऱ्यात तीच एक किल्ली. ती आता इंटरनेटवर कुणालाही सापडते. आपण समोरच्या दाराचं कुलूप कितीही बदललं तरी मागचं दार त्यांनी बांधतानाच उघडं सोडलेलं.

"मग उपाय?"

"कंपनीनं नवं फर्मवेअर द्यायला पाहिजे."

कंपनी? खोक्यावरचा नंबर लागत नव्हता. माल देणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "भाऊ, सगळेच हेच विकून राहिले. टेन्शन कायले घेता?" दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावभर कॅमेरे लावत फिरणारा मी, पण त्यांच्या पोटात काय आहे हे कधी विचारलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मला मायचे ते तीन फोन आठवले; तिच्या खांबावरचा कॅमेराही त्याच जातीचा. दुसऱ्या फोनच्या आदल्या दिवशी तर माझा मोबाईल दिवसभर माझ्याच टेबलावर उघडा पडला होता, फुटलेली काच बदलायला. त्यावरून कुणी काही पाहूच शकत नव्हतं. मी दुकानाचं शटर ओढलं.

सानगडीला गेलो. दारात खाकरलो. "ये," ती म्हणाली. सुपात लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मी स्टूल घेऊन कॅमेरा काढायला लागलो.

"काढतो कायले?"

सगळं सांगितलं. ती निवडतच राहिली. एक खडा बाजूला काढला, मग दुसरा.

"म्हंजे त्या तीन बखत तू नोहता?"

"नोहतो, माय."

"मंग विसरलो काहून म्हनला?"

मी स्टूलवरून खाली उतरलो.

"कितीक जन होते?"

"माहीत नाही."

"अन् कवापासून?"

तेही माहीत नव्हतं. तिने सूप खाली ठेवलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि आत गेली. पोटच्या पोरापुढे माय तोंड झाकते, हे पाहणं फार वाईट असतं.

पुढे मी वही काढून गिऱ्हाइकांच्या घरोघरी गेलो. चौघांनी कॅमेरे काढू दिले. बाकीचे हसले. "आमच्या घरी काय ठेवलं हाये पाहाले?" म्हणाले. एकाच्या अंगणात सून वाळवण घालत होती, वर कॅमेरा होता. मी मान खाली घालून परत फिरलो. परवा माल देणाऱ्याकडून नवं पार्सल आलं. खोक्यावर नाव वेगळं, रंग वेगळा. एक उघडून पाहिलं, आत तोच पांढरा कॅमेरा.

माय आता अंगणात अंग धूत नाही. स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यात, दिवा न लावता, नेसत्या लुगड्यानिशी अंगावर पाणी घेते. तिथली फरशी अंगणातल्यापेक्षा गुळगुळीत आहे. पडली तर दिसणार कुणालाच नाही. मी दर रविवारी जातो आणि दारात खाकरतो. पन्नास वर्षं त्या एका आवाजावर ते दार उघडत आलं. आता आतून प्रश्न येतो.

"कोन हाये?"

"मी, माय."

कडी वाजत नाही.

"नाव सांग," ती आतून म्हणते. मी माझं नाव सांगतो.