पान अठरा हजार तीनशे बारा

शिक्केबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं लवाद केंद्रात कुणी उरलं नव्हतं. सव्वीस वर्षं त्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलाशी बसून एकच काम करत आल्या होत्या. पुराव्याच्या कागदांवर नंबर मारायचे. हातातला लोखंडी शिक्का खटकन दाबला की आकडा उमटायचा आणि आतली चाकं आपोआप पुढच्या आकड्यावर सरकायची. भल्याभल्या कंपन्या इथे भांडायला यायच्या, एकमेकींची अब्रू काढायच्या, पण कुणाचं कुठलं पान कुठे आहे हे बाईंनाच ठाऊक असायचं. त्याचा त्यांना थोडा माजही होता, उगाच कशाला लपवा.

सध्या भांडण चाललं होतं मोबाइलवाल्यांचं, आणि तेही चार वर्षं. एक कंपनी म्हणत होती, हवेतून सिग्नल पकडायची युक्ती आमच्या पेटंटची आहे, वापरायची तर परवाना घ्या. दुसरी म्हणत होती, घेतो की, पण तुमच्या अटी म्हणजे शुद्ध दरोडा. मग वाजवी अटी कशा असतात हे बघायला इतर कंपन्यांचे आपसांतले परवान्याचे करार पुराव्यात आले. ते गुप्त, म्हणून त्यांतली नावं जाड काळ्या पेनाने आधी काळी करायची आणि मगच शिक्का मारायचा, असा नियम होता. बाईंचा हात त्यात इतका बसला होता की एकदा त्यांनी घरच्या विजेच्या बिलावरचं नवऱ्याचं नावही काळं करून टाकलं होतं.

नवे साहेब आल्यापासून मात्र तो माज जरा उतरला होता. साहेबांनी स्वच्छ बजावलं होतं, "एक पान चुकू दे, की नंबर कॉम्प्युटर मारेल आणि तुम्ही तळघरात, जुन्या फायलींपाशी." तळघराला खिडकी नव्हती. बाई एकदाच खाली जाऊन आल्या होत्या आणि दिवसभर शिंकत होत्या.

सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी एका वकिलांनी सगळ्यांना पान अठरा हजार तीनशे बारा उघडायला सांगितलं. बाई कोपऱ्यात फायली काढून द्यायला उभ्या होत्या. त्यांनीही उघडलं, आणि पानावरचा नंबर पुन्हा एकदा वाचला.

तो करार त्यांनी स्वतः टाइप केलेला होता. सात वर्षांपूर्वी, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जावेशी, घरचं वायफाय तिला वापरू देण्याबद्दल. ऑफिसची भाषा अंगात भिनलेली, म्हणून मजकुरात 'देणारा पक्ष' आणि 'घेणारा पक्ष', नावं फक्त वर आणि खाली. पंधरवड्यापूर्वी बाईंच्या नवऱ्याने पासवर्ड बदलला आणि वर सांगायला विसरला. जावेने तोंड फुगवलं आणि जिना झाडणं बंद केलं. तेव्हा करारच तिच्या तोंडावर मारावा म्हणून बाई तो झेरॉक्स काढायला ऑफिसात घेऊन आल्या, टेबलावर ठेवला, आणि पुढचं त्यांच्या हातांनी त्यांना न विचारता उरकलं. नावं काळी, खट्, कागद गठ्ठ्यात. घरी मग तो सापडेना, तेव्हा त्यांनी संशय घेतला तोही जावेवरच.

"अट तीन," वकील ठणठणीत आवाजात वाचत होते. "मोबदला म्हणून घेणाऱ्या पक्षाने रोज जिना झाडावा."

खोलीत सत्तेचाळीस माणसं होती. हे काय आहे असं एकानेही विचारलं नाही. आपल्याला कळलं नाही हे पहिल्यांदा कबूल कोण करणार?

वकिलांच्या बाजूचे तज्ज्ञ खाकरले. "जिना झाडणे म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक पायरीवरचा अडथळा काढणे. आमच्या क्षेत्रात सर्रास म्हणतात."

"सर्रास नाही," समोरचे तज्ज्ञ म्हणाले, "पण म्हणतात."

"आणि अट चार?" वकिलांनी विचारलं. "परीक्षेच्या दिवसांत घेणाऱ्या पक्षाला आधी सिग्नल मिळावा?"

"प्रयोगशाळेतली चाचणी," दोघं एका सुरात म्हणाले. चार वर्षांतलं हे त्यांचं पहिलं एकमत होतं. बाईंचा पुतण्या त्या वर्षी गणितात दोनदा नापास झाला होता, त्याच्यासाठी ती अट होती.

तीन लवादांपैकी मधल्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "मला अट पाच आवडली. 'कुरबूर झाल्यास उपाशीपोटी बोलू नये.' इतका समंजस करार मी या धंद्यात पाहिला नाही. हा टिकला किती वर्षं?"

दोन्हीकडचे वकील कागद चाळायला लागले. बाईंच्या डोळ्यांपुढे तळघर उभं राहिलं. गप्प बसल्या असत्या तर निभावलं असतं. पण चुकीचं पान फायलीत आहे हे माहीत असून गप्प बसायचं त्यांना जमेना.

"सात वर्षं," त्या म्हणाल्या. "आता मोडलाय. माझा आणि माझ्या जावेचा आहे तो, चुकून आला. जिना म्हणजे जिनाच, वकीलसाहेब."

दोन्ही तज्ज्ञांनी एकाच वेळी पाण्याचे ग्लास उचलले. दाराशी उभ्या असलेल्या नव्या साहेबांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. पान काढून टाका, असं ते म्हणणार तेवढ्यात दोन्ही बाजूंचे वकील ताडकन उठले. पान काढायचं नाही! दोघांनीही त्या पानावर चाळीस-चाळीस पानांचे युक्तिवाद रचले होते.

अध्यक्षबाईंनी फायल तोंडासमोर धरली होती आणि फायल हलत होती. "ठीक आहे," त्या फायल खाली ठेवत म्हणाल्या. "पण करार खाजगी आहे. उद्या सकाळपर्यंत त्यातल्या दोन्ही पक्षांची लेखी संमती आणा. मिळाली तर पान कायम, म्हणजे चूक झालीच नाही. नाही मिळाली तर तुमचे साहेब काय ते बघतील."

देणाऱ्या पक्षाने तिथेच सही केली. घेणारा पक्ष पंधरा दिवस बोलत नव्हता.

संध्याकाळी बाई कागद घेऊन जिन्याशी आल्या. पायऱ्यांवर धुळीचा थर होता. सही मागायला हे तुडवत जायचं त्यांना जिवावर आलं. त्यांनी पदर खोचला, केरसुणी आणली आणि झाडत झाडत वर निघाल्या. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या असतील, तेवढ्यात वरचं दार उघडलं.

"ताई, ठेवा ती केरसुणी. ते काम माझ्याकडे आहे."

"करार मोडलाय ना पण?"

"मी नाही मोडला. पासवर्ड तुमच्याकडून बदलला."

बाईंनी कागद पुढे केला. जावेने दारातच उभं राहून तो वाचला, शिक्का बघितला, मग काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"यातलं माझं नाव का खोडलंत? इतकी परकी झाले मी?"

बाईंना एकदम रडूच आलं. सव्वीस वर्षांत केला नव्हता असा गुन्हा त्यांनी केला. काळ्या पट्टीच्या वर, पेनाने, जावेचं नाव ठळक लिहिलं.

"मुळूमुळू रडू नका आता," जाऊ बाजूची केरसुणी उचलत म्हणाली. "आधी जेवून घेऊ. अट पाच."

जेवण झाल्यावर तिने सही केली आणि सहीखाली स्वतःच्या अक्षरात अट सहा वाढवली: 'पासवर्ड बदलल्यास देणाऱ्या पक्षाने आधी वर येऊन सांगावे.'

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे वकील 'वर' म्हणजे नक्की कुठे, यावर दीड तास भांडले. शिक्केबाई खिडकीशी बसून पुढच्या पानांवर नंबर मारत होत्या.