पिंपातलं लिंबू

झाडाला पाणी घालण्याआधी अण्णा ते लावलेल्या डब्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत आणि थोडं थांबत. शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवून माणूस थांबतो ना, तसं. आतल्या मुंग्यांना, किड्यांना बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. "सरा बाबानू, पाणी येतंय," असं हळू म्हणत आणि मग गाळलेलं पाणी तांब्यानं घालत. पहिल्याच सकाळी हे पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, आपला शेजारी जरा सरकलेला दिसतो.

मी मूळचा साताऱ्याचा. लढाईच्या दिवसांत सांगलीला हळदीच्या एका अडतीत कारकून म्हणून लागलो. अण्णा तिथेच दिवाणजी होते. त्यांच्याच ओळखीनं त्यांच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. दोन्ही घरांच्या मधे कमरेएवढी भिंत. मी आणि माझी बायको अलीकडे, अण्णा आणि त्यांची बायको, अक्का, पलीकडे. त्यांची एकुलती लेक लांब बेळगावकडं दिलेली होती.

अण्णांचं अंगण म्हणजे शहाबादी फरशीचा एक तुकडा. दोन बाजा टाकल्या तर पाय ठेवायला जागा उरली नसती. त्यात त्यांनी काय काय लावलं होतं! रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत पुदिना, मोगरा, गवती चहा. फुटक्या रांजणात अळू. दारावर दोडक्याचा वेल. माती ते चाळून घेत, आणि चाळणीत राहिलेलं गांडूळ हातावर घेऊन पुन्हा मातीत सोडत. ते जैन, त्यामुळे कांदा, मुळा असलं जमिनीखालचं काही नाही. मी हौसेनं एका डब्यात कांदे लावून तो मधल्या भिंतीवर ठेवला तेव्हा येऊन अगदी ओशाळून म्हणाले, की डबा भिंतीच्या तुमच्या बाजूला ठेवलात तर बरं होईल, अक्कांच्या नजरेला पडतो.

ओशाळणं हा त्यांचा स्वभावच होता. अडतीत कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तरी "चुकलं" म्हणणार अण्णाच. हमाल मुद्दाम धक्का लागल्यासारखं करत आणि ते "चुकलं बाबा" म्हणाले की तोंड फिरवून हसत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची चेष्टा करणं सोपं असतं आणि मीही ती करत असे.

अंगणाच्या मधोमध अर्ध्या कापलेल्या डांबराच्या पिंपात एक लिंबाचं झाड होतं. ते मात्र अक्कांचं. माहेरच्या मळ्यातल्या लिंबाचं बी आणून त्यांनी ते लावलं होतं आणि लावताना नेम धरला होता, की ह्या झाडाला फळ येईपर्यंत दुसरं कुठलंही लिंबू तोंडात घालायचं नाही. त्यांच्यात असे नेम बायका सहज धरतात. कुणी चातुर्मासात वांगं सोडतं, कुणी गूळ सोडतं. बीपासून वाढवलेलं झाड काही वर्षं तरी फळत नाही हे अक्कांना ठाऊक होतं. त्यांना घाई नव्हती.

मग अक्का आजारी पडल्या. ताप उतरला पण अंथरूण सुटेना. तोंडाची चव गेली. भाताचा घास समोर आला की मळमळ. वैद्यांनी सांगितलं, लिंबाचं पाणी द्या, दुसरं काही राहणार नाही पोटात. मंडईत लिंबं ढिगानं मिळत होती. अण्णा घेऊन आले, अक्कांनी भिंतीकडं तोंड केलं. अण्णा देवळातल्या उपाध्यांकडं गेले आणि नेम सोडवता येईल का विचारून आले. उपाध्ये म्हणाले, ज्यानं धरला त्यानंच सोडायचा. अक्का सोडायला तयार नव्हत्या. दिवसेंदिवस त्यांच्या गालाची हाडं वर येत चालली.

आता सगळा भार त्या पिंपातल्या झाडावर आला. आणि नेमक्या त्याच पावसाळ्यात झाडावर अळ्या पडल्या. लिंबावरच्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतील. आधी पाखराच्या विष्ठेसारख्या काळ्यापांढऱ्या, मग बोटाएवढ्या हिरव्यागार. एक अळी दिवसभरात फांदी साफ करते. कोवळी पालवी आली की दुसऱ्या दिवशी नुसते देठ.

माझ्या बायकोनं सांगितलं, चिमटीत धरून चिरडा. अण्णांनी कानावर हात ठेवले. ते एकेक अळी पानासकट उचलत आणि दुसरीकडं नेऊन सोडत. पहिल्यांदा त्यांनी त्या आमच्या कढीपत्त्यावर सोडल्या. ती पानंही अळ्यांना चालतात हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. आठवड्यात आमचा कढीपत्ता बोडका झाला. माझी बायको भडकली आणि अण्णा भिंतीपलीकडं मान खाली घालून उभे राहिले. त्यानंतर ते भोकं पाडलेल्या पितळी डब्यात अळ्या घालून नदीकाठच्या कवठाच्या झाडापर्यंत पायपीट करू लागले. परत येईतो झाडावर नवीन अंडी दिसत.

त्यांची ती धडपड बघताना मला हसू येत असे, पण आत खाटेवर पडलेल्या अक्का दिसल्या की हसू जाई. त्यांची खिडकी अंगणाकडं होती. दिवसभर त्या झाडाकडं बघत पडून असत.

मला तंबाखूचं व्यसन होतं. अडतीत मी चिमूट काढली की अण्णा तोंड फिरवत. एके संध्याकाळी तेच माझ्याजवळ आले आणि तंबाखू मागितला. चिमूटभर नाही, मूठभर. मी म्हटलं, काय अण्णा, म्हातारपणी शिकताय? ते लालबुंद झाले. मी दिलेली पुडी धोतराच्या कनवटीला खोचून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी तोंड धुवायला अंगणात आलो. अण्णा पिंपाजवळ उभे होते. आज पिंपावरची टकटक ऐकू आली नव्हती. फडकं तंबाखूच्या तपकिरी पाण्यात बुडवून ते एकेक पान पुसत होते. अळ्या खाली फरशीवर पडत होत्या, थोडा वेळ वळवळत होत्या आणि गप्प होत होत्या. अण्णांचे डोळे वाहत होते, पण हात थांबत नव्हता. मला पाहिल्यावर त्यांनी फक्त आतल्या खिडकीकडं बोट केलं. मी मान हलवली आणि घरात आलो. त्या दिवशी त्यांनी उपास केला आणि अक्कांना सांगितलं, की पोट बिघडलंय.

झाड सावरलं. तोवर अक्का चमचाचमचा भाताच्या निवळीवर कशाबशा तगल्या होत्या. थंडीत पांढरी फुलं आली, उन्हाळ्याच्या तोंडाशी रसाची लिंबं धरली. पहिलं लिंबू अण्णांनी पाण्यात पिळून मीठ घालून अक्कांच्या ओठाला लावलं. अक्कांनी आधी हात जोडले आणि मग घोट घेतला. पेलाभर पाणी पोटात राहिलं. हळूहळू त्या पेज घेऊ लागल्या, उशीला टेकून बसू लागल्या. अण्णांनी त्यातलं एकही लिंबू चाखलं नाही.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण अक्का भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागल्या, की आमच्या ह्यांनी एका अळीलाही दुखावलं नाही, डब्यातनं कवठावर नेऊन सोडलं, म्हणून झाड फळलं. ही गोष्ट देवळात पोचली. चातुर्मासाला एक मुनी महाराज आले होते, त्यांनी प्रवचनात अण्णांचा दाखला दिला. सगळ्या माना अण्णांकडं वळल्या. अण्णांची मान खाली गेली ती वर आलीच नाही. लोक म्हणाले, बघा किती नम्र माणूस. त्यानंतर अण्णा देवळात पुढं बसेनात. दाराशी चपलांजवळ बसू लागले.

एकदा हरिपूरच्या वाटेला आम्ही हळदीचं पेव, म्हणजे जमिनीतलं कोठार, उघडायला निघालो होतो. वाटेत ते थांबले आणि म्हणाले, "सातारकर, तुमी तरी सांगा. खरं सांगितलं तर ती लिंबू सोडंल, म्हंजे जीवच सोडंल. न्हाई सांगावं तर रोज तिच्या तोंडात खोटं घालतोय."

मी म्हटलं, अण्णा, अळ्याच त्या. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की ते वाक्य परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं.

वर्षभर अक्कांनी त्या लिंबावर काढलं. पुढच्या पावसाळ्यात तेही पोटात राहीना. एका दुपारी अण्णा अडतीत होते आणि मी जेवायला घरी आलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्या बायकोकरवी मला बोलावून घेतलं. मी आत जाऊन उंबऱ्याशी बसलो. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"भाऊ, तंबाखू तुमीच दिला न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी वास आला मला. आमच्या घरात तंबाखू कवा आला न्हवता."

मग हळूहळू, मधे दम घेत त्यांनी सगळं सांगितलं. लिंबू समोर आलं तेव्हा नाकारावं असं एकदा मनात आलं होतं. पण जन्मात कुणाला न दुखावलेल्या ह्या माणसानं माझ्यासाठी एवढं केलं, आणि मीच तोंड फिरवलं तर त्यांच्या हाती नुसतं पापच राहील, म्हणून त्या प्यायल्या. अंगणात वास राहिला होता, कुणाला शंका येईल, म्हणून येईल त्या बाईपुढं अळ्यांची गोष्ट सांगत राहिल्या. त्या गोष्टीनं अण्णांना आतून किती जाळलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

"मी गेल्यावर सांगा त्येना," त्या म्हणाल्या. "आत्ता सांगू नगा. आत्ता कळलं तर मला पाप नगं म्हणून झाड उपटतील."

अक्का गेल्या. दिवस झाले, लेक सासरी परतली. एका संध्याकाळी मी भिंत ओलांडून अण्णांकडं गेलो. ते फरशीवर बसले होते. मला वाटत होतं, आपण ह्या माणसाच्या मनावरचा दगड उचलायला चाललोय. मी सगळं सांगितलं. वास, नेम, पहिला घोट, बायकांना सांगितलेल्या गोष्टी.

अण्णांनी झाडाकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे तिला ठावं हुतं. ठावं असून प्याली."

मी म्हटलं, हो, तुमच्यासाठी.

"मंग पाप तिलाबी लागलं की," ते म्हणाले. "मी एकटाच धरून बसलोय असं वाटत हुतं मला. ती माझ्या संगं हुती, आन मी तिला एकटं मरू दिलं."

मी हादरलो. दगड उचलायला गेलो आणि त्यावर दुसरा ठेवून बसलो. काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण अण्णा उठले होते. त्यांनी मान वर करून आभाळ पाहिलं. दिवस मावळल्यावर ते तोंडात काही घालत नसत.

"अजून दिवस हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

पलीकडच्या कौलांवर थोडं ऊन होतं. मी म्हटलं, आहे.

त्यांनी झाडाचं एक पिवळं लिंबू तोडलं, विळीवर कापलं आणि तिथंच पिंपाशी उभं राहून खायला सुरुवात केली. साल, बिया, सगळं. आंबटानं त्यांचा चेहरा पिळवटत होता, डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मी मीठ आणायला उठलो, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.