मुतारीचा ठराव

आमच्या बाजारातल्या व्यापारी संकुलाच्या मागच्या भिंतीची मला किळस येते. त्याहून जास्त किळस येते ती पस्तिसाव्या वर्षी मी जी बाई होते तिची. भिंत निदान पावसाळ्यात तरी धुतली जाते.

आमचं गाव नाशिकपासून तासाभरावर, द्राक्षांच्या पट्ट्यात. नगरपरिषद आहे म्हणून शहर म्हणायचं, एरवी म्हशी रस्त्यात बसल्या की एसटी थांबते. मंगळवारी आठवडे बाजार भरतो. आजूबाजूच्या मळ्यांतून, वस्त्यांवरून बायका उजाडायच्या आत मेथी, कोथिंबीर, वांगी घेऊन येतात आणि दिवेलागणीला परत जातात. एवढ्या वेळात त्या जातात कुठे, हा प्रश्न माझ्या डोक्यात पस्तीस वर्षांत कधी आला नव्हता. आला तोही आपला आपण नाही, एकीने तोंडावर विचारला म्हणून.

तेव्हा महिलांसाठी वॉर्ड नुकतेच राखीव झाले होते. आमच्या वॉर्डातून ह्यांना उभं राहायचं होतं. ते जमेना, म्हणून मला उभं केलं. खरं म्हणजे निवडून आले हे, आणि हार घातले मला. पण मला कोण सांगणार! मी लगेच पदराला पिन लावायला लागले, बोलताना 'त्या अनुषंगाने' म्हणायला लागले. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या दुकानातून एक काळा गॉगल आणला आणि तो लावून भाजीला जाऊ लागले. गॉगल लावून वांगी निवडणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? भोक पडलेलं वांगंसुद्धा दिसत नसे मला. घरी येऊन चिरलं की अळी निघायची.

माझी एक ठरलेली मेथीवाली होती. माझ्याच वयाची, पाच-सहा किलोमीटरवरच्या मळ्यातली. गॉगल बघून म्हणाली, "बाई, लय मोठ्या झाल्या तुमी. आता आमचं एक काम करा की."

"बोला ना."

"बायांसाठी मुतारी बांधा. सकाळपासनं पान्याचा घोट घेत नाय मी. घेतला तर जाऊ कुठं? गड्यांना भिंती हायेत. आमाला काय हाय?"

मी चटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना! "अहो, हळू बोला," म्हटलं. "बघते मी. त्या अनुषंगाने बघते."

बघण्यासारखं फार काही नव्हतंच. गावाचा विकास आराखडा म्हणजे एक मोठा रंगीत नकाशा असतो. कुठे घरं होतील, कुठे दुकानं, कुठे शेतीच राहील, ते त्यात ठरलेलं असतं. शाळा, बाग, दवाखाना अशा गावाच्या कामासाठी राखून ठेवलेल्या जागेला आरक्षण म्हणतात आणि प्रत्येक आरक्षणाला नंबर असतो. सतरा नंबर होता महिला स्वच्छतागृहाचा, अगदी बाजारतळाला लागून. कुणा शहाण्या माणसाने नेमकी जागा हेरली होती. पण त्या जागेच्या मागे कापडाचं मोठं दुकान होतं. दुकानदाराचं म्हणणं, समोर असलं काही झालं तर गिऱ्हाईक पायरी चढणार नाही. लगेच नगरपरिषदेच्या सभेपुढे विषय आला: सतरा नंबरचं आरक्षण वगळून तिथे व्यापारी संकुल करणे, आणि स्वच्छतागृह 'योग्य पर्यायी जागी' हलवणे.

त्या दिवशी मी आंब्याच्या रंगाची कडक इस्त्रीची साडी नेसले होते. तोपर्यंतच्या सभांमध्ये मी फक्त हात वर केला होता आणि सामोसे खाल्ले होते. विषय वाचून झाला तसे अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "हा तर भगिनींचा विषय. भगिनींनीच बोलावं."

आम्ही पाच भगिनी. एकीने तोंडाला रुमाल लावला, एक नखं बघत बसली. मागून कुणीतरी मुद्दाम खोकलं. दोघेतिघे फिदीफिदी हसले. 'मुतारी' हा शब्द माझ्या तोंडून गेला तर उद्या गावभर माझं तेच नाव पडेल! मेथीवाली आठवली नाही असं नाही. आठवली, आणि रागच आला तिचा, की हिने हे लचांड माझ्या गळ्यात घातलं.

मी उभी राहिले. आवाज काय सुरेख लागला होता म्हणून सांगू! "अध्यक्ष महोदय, हा विषय चारचौघांत चर्चा करण्याजोगा नाही. भगिनींच्या सन्मानाचा विचार करून आरक्षण वगळण्याचा हा ठराव चर्चेविना मंजूर करावा, अशी मी सूचना मांडते."

टाळ्या पडल्या. नखंवालीने अनुमोदन दिलं. एका मिनिटात विषय संपला, आणि इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव लागलं, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "आज मी सभेत बोलले." हे म्हणाले, "कळलं. छान बोललीस म्हणे." आनंदाच्या भरात मी शिरा केला. बायकांची मुतारी घालवली म्हणून साजूक तुपातला, बेदाणे घातलेला शिरा! आज तो आठवला की तोंडात कडू पाणी येतं.

पुढच्या मंगळवारी मेथीवालीला सांगितलं, "फार प्रयत्न केला हो, पण पुरुषांनी ऐकलं नाही."

"ऱ्हाऊ द्या बाई. तुमी तरी एकट्या काय करनार," ती म्हणाली आणि मेथीवर कोथिंबिरीची एक जुडी तशीच, पैसे न घेता ठेवली. मी ती पिशवीत टाकली. पुढे दर मंगळवारी ती ठेवत गेली आणि मी टाकत गेले.

संकुल उभं राहिलं. त्याची मागची भिंत अख्ख्या बाजारातल्या पुरुषांनी पहिल्याच आठवड्यात ताब्यात घेतली. उपाय म्हणून कुणीतरी भिंतीवर ओळीने देवांच्या फरशा बसवल्या, सगळ्या धर्मांचे देव, भांडण नको म्हणून. तर आमचे धार्मिक पुरुष फरशी जिथे संपते तिथून सुरुवात करतात. खाली कोबीची सडलेली पानं, गुटख्याच्या पुड्या, आणि त्यावरून वाहणारा तो पिवळा ओहोळ. दुकानासमोर वास येईल म्हणून बायकांचं काढलं ना? घ्या आता.

मीही म्हातारी झाले. रक्तदाबासाठी डॉक्टरांनी एक गोळी दिली आहे. ती घेतली की तासाभरात जावंच लागतं, तिला सभ्यता कळत नाही. मागच्या वर्षी एका मंगळवारी मी ती घेऊन बाजारात गेले आणि बटाट्यांच्या ढिगापाशीच पाय एकमेकांना चिकटवून उभी राहिले. कशीबशी संकुलात गेले. मोबाईलच्या दुकानातला माणूस मान वर न करता म्हणाला, "आजी, संडास आहे वर, पण कुलूप असतं. किल्ली शेठकडे. शेठ नाशिकला गेलेत."

शेठ येईपर्यंत मी काय करणार होते? परत फिरले. मेथीवालीने लांबूनच ओळखलं.

"बाई, त्वांड का असं झालंय? लागली का?"

मी मान हलवली. ती उठली आणि ओरडली, "ए, गोणपाट आना गं!"

एक उभा टेम्पो आणि संकुलाची मागची भिंत यांच्यामध्ये दोघींनी गोणपाट ताणून धरलं. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मेथीवालीने मला काखेत धरून टेकवलं. "बसा बाई. आमी हाय ना." पायाखाली काय काय होतं ते सांगत नाही. घरी आल्यावर चपला दाराबाहेरच टाकून दिल्या. बाहेरून एका टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तशी गोणपाट धरलेली बाई कडाडली, "तुज्या मायला बसव इथं, मंग वाजव!" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, बसल्या बसल्या. इतकी वर्षं त्यांचं असंच चाललं होतं. एक बसते, दोघी धरतात, पाळीपाळीने. आणि मी दोन हात अंतरावर मेथी निवडत उभी असायचे.

त्यानंतर काही महिन्यांत गावाचा नवा आराखडा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला. कुणाला हरकत असेल तर लेखी द्या, अशी सूचना होती. भिंग घेऊन मी तासभर नकाशा धुंडाळला. तीस वर्षांनी ती 'योग्य पर्यायी जागा' एकदाची सापडली: नाल्याच्या पलीकडे, कचरा डेपोला लागून. बाजारातून तिथे जायला अर्धा तास. शी! मेलेली कुत्री टाकतात तिथे.

मी हरकत लिहिली. सतरा नंबर पुन्हा बाजारतळावरच ठेवा, निदान संकुलाशेजारच्या मोकळ्या तुकड्यावर. बाजारात फिरून बायकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. पहिला अंगठा मेथीवालीचा. सुनावणीला तिलाही बरोबर नेलं.

सुनावणी म्हणजे नुसता हावरटपणा. ज्याला त्याला रस्ता शेजाऱ्याच्या प्लॉटवरून न्यायचा होता. एकाच्या द्राक्षबागेत प्लॉट पाडता यावेत म्हणून त्याला शेतीचा हिरवा पट्टा घरांचा पिवळा करून हवा होता. 'जनहितार्थ' हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मोजणं सोडून दिलं. मग माझा नंबर पुकारला.

नाशिकहून आलेले अधिकारी म्हणाले, "आजी, तुमची मिळकत बाधित होते का?"

"मिळकत नाही साहेब, मी होते. बाजारात बायकांना मुतायला जागा नाही."

मागून कुणीतरी खोकलं. तीस वर्षांत माणूस बदलला, खोकला तोच. पण माझी मान ताठ होती. मनातल्या मनात मी स्वतःलाच हार घालत होते. खोड जात नाही.

तेवढ्यात नगरपरिषदेचा कारकून एक जुनी फाईल घेऊन पुढे आला. "साहेब, हे आरक्षण सभेनेच वगळलंय. ठराव आहे." साहेबांनी ठराव मोठ्याने वाचला. भगिनींच्या सन्मानासकट. सूचकाचं नाव वाचलं, माझा अर्ज पाहिला, मग मला पाहिलं. "ह्या तुम्हीच का?"

"हो."

"सूचक म्हंजे?" मेथीवालीने विचारलं.

कारकून म्हणाला, "म्हणजे ते काढून टाका, असं ह्याच बाई म्हणाल्या होत्या."

ती माझ्याकडे बघेना. जमिनीकडे बघत म्हणाली, "इतकी वर्सं कोथमीर दिली मी तुमाला. परयत्न केला म्हनून."

मी घाईघाईने साहेबांना म्हटलं, "तेव्हा मला शब्दाची लाज वाटली साहेब. सूचक चुकली होती, असं सूचक स्वतः सांगते आहे, एवढं लिहून घ्या."

"तसा रकाना नाही," कारकून म्हणाला.

"तिचं ऱ्हाऊ द्या साहेब," मेथीवाली म्हणाली. "आमचं लिवा. आमचे आंगठे हायेत त्याच्यावर."

साहेबांनी लिहिलं: म्हणणे ऐकले. पुढचा नंबर पुकारला.

बाहेर ती माझ्या पुढे पुढे चालत होती. पायऱ्यांशी थांबली. "मंगळवारी या," म्हणाली.

"कशाला?"

"गोणपाट धरायला. माजा खांदा दुखतो आता. ते बांधतील तवर तुमी धरायचं."

"आणि कोथिंबीर?" मी विचारलं. मला राहवतच नाही.

"इकत घ्यायची."

निकाल अजून आलेला नाही. मंगळवारी सकाळी मी बाजारात जाते आणि गोणपाटाचं एक टोक धरून उभी राहते. वास तोच, ओहोळ तोच, फक्त आता तो गॉगलशिवाय दिसतो. पंधरा मिनिटांत खांदा भरून येतो. पाच वर्षं सभेत हात वर करत होते, तेव्हा कधी दुखला नव्हता. जरा खाली आला की आतून मेथीवालीचा आवाज येतो, "वर धरा बाई, वर!"