गोधडीच्या कोपऱ्यात भाकर

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. टाइम इतका पक्का सांगता येतो, कारण आकाश झोपला की मी आधी घड्याळ बघायची आणि मग त्याची छाती हलते का ते. माझं पहिलंच लेकरू. जन्मला तेव्हा अगदी बारका, आणि झोप म्हणाल तर नावालाच. जरा डोळा लागला की दचकून रडायचा. त्या दिवशी मात्र तीन वाजून गेले तरी उठेना. मी त्याला उचललं आणि अनवाणीच समोरच्या पारूमावशीच्या ओट्यावर पळाले.

ओट्यावर गल्लीतल्या बाया गोधडी शिवत बसलेल्या. मी म्हटलं, "मावशी, हा उठंना!"

मावशीनं सुई ओठात धरली आणि पोराच्या तळपायाला एक टिचकी मारली. आकाशनं असा सूर लावला की ओट्याखालचं कुत्रं उठून गेलं.

"घे," मावशी म्हणाली. "बाया लेकरू झोपावं म्हणून माझ्याकडं येतात. झोपलेलं उठवायला आलेली तूच पहिली."

आणि तिनं दोरा ओवलेली सुई माझ्या हातात दिली. हाताला काम असलं की नजर लेकरावरून जरा हटते, म्हणे.

तेव्हापासून मी त्या ओट्यावर बसते. किस्से साठतात ते चिंध्यांसारखे. एक ठेवली की दुसरी येते, आणि एक दिवस बोचकं बांधताच येत नाही. म्हणून आज सोडून बसले आहे.

*

आमची कळमनुरीतली ती गल्ली लहानशीच. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे, जे येईल ते ओट्यावर यायचं. खैरूनआपा टेलरची बायको, ती दुकानातलं कापड आणायची. एकदा तिनं बदली होऊन गेलेल्या कोण्या पोलिसाची जुनी खाकी पँट आणली. कापड मजबूत, म्हणून केरबाआजाच्या गोधडीत आम्ही ते बराबर मधोमध लावलं.

चार दिवसांनी आजा गोधडी काखेत घेऊन हजर. डोळे लाल. झोपच येत नाही म्हणाला. आजानं सगळी उमर हातभट्टी गाळली होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"छातीवर साहेब घेऊन झोप लागती व्हय?"

आपानं खाकी तुकडा उसवला आणि पायाच्या बाजूला लावून दिला. दुसऱ्या दिवशी आजा ओट्यावरून जाताना हसत होता.

"आता बराबर. आता तो माझ्या पायाशी!"

*

गयाबाईचा मालक गेला, त्या वर्षाची गोष्ट. तिनं त्याचे सदरे आणून दिले. गोधडी शिवताना खिसे, कॉलर आधी उसवून टाकतात, नाहीतर अंगाला टोचतं. मी कात्री घेतली तर तिनं माझा हात धरला. एक खिसा तसाच राहू दे, आणि वरच्या बाजूनं राहू दे.

मी सातवी शिकलेली, त्यामुळे गल्लीतले सगळे 'काहून' मलाच पडतात. मी विचारलंच, की काहून गं, खिशात काय ठेवणार?

गयाबाई म्हणाली, "हात."

मावशीनं खिशाभोवती दुहेरी टाके घातले.

*

आता आकाशच्या गोधडीचं ऐका.

मावशीचं म्हणणं असं, की ज्याला झोप चांगली लागते त्याच्या अंगावरचं कापड लेकराच्या गोधडीत असावं. मग गल्लीत चौकशी सुरू झाली, की सगळ्यात गाढ कोण झोपतं. सगळ्यांनी एकच नाव घेतलं. हळदीच्या गोदामाचा राखणदार!

मी त्याच्या घरी धोतर मागायला गेले. त्याची बायको लगेच उठली, धोतर काढून दिलं आणि म्हणाली, "घेऊन जा. पण घरी कुठं झोपतात ते? गोदामातली सतरंजी मिळती का बघ."

धोतर हळदीनं पिवळं झालेलं. कितीही धुतलं तरी रंग जाईना आणि वासही जाईना. मधे ते पिवळं, कडेनं माझ्या सासूबाईंच्या हिरव्या लुगड्याचा काठ, अशी आकाशपुरती लहान गोधडी तयार झाली. फक्त एक कोपरा राहिला.

तो कोपरा शेवटी शिवायचा. आधी त्यात भाकरीचा इवलासा तुकडा ठेवायचा आणि मग टाका घालून बंद करायचं. गोधडी उपाशी राहिली तर ऊब देत नाही, असं आमच्या ओट्यावर मानतात. काहून, ते मावशीलाही सांगता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, की सातवीत इतके प्रश्न शिकवतात तर दहावीत काय करतात?

मी घरी येऊन विचार केला. लेकरू आधीच बारकं, त्याला इवलासा तुकडा कसा पुरेल? मी अर्धी भाकर घेतली, तिला तूप-गूळ लावला आणि कोपरा शिवून टाकला.

सकाळी बघते तर पाळण्याच्या दोरीवरून मुंग्यांची रांग. घरातल्या, दारातल्या, बहुतेक शेजारच्या गल्लीतल्याही. आकाशला उचलून मी पुन्हा ओट्यावर. मावशीनं कोपरा हुंगला.

"पोट भराया सांगितलं होतं, पोरी. पंगत न्हाई."

कोपरा उसवला, झटकला, नव्यानं शिवला. आणि खरंच, त्या गोधडीत आकाश झोपायला लागला. हळदीच्या वासानं, की जुन्या कापडाच्या मऊपणानं, की मला सुई धरता आली म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. पण दुपार दुपार झोपायचा, आणि मी घड्याळ बघायचं विसरायची.

*

हा शेवटचा. हाच सांगायला मी बोचकं सोडलं.

त्या हिवाळ्यात आकाशच्या छातीत कफ भरला. आम्ही त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. अंग भाजत होतं, डोळे उघडत नव्हता. डॉक्टर म्हणाले, ताप आहे तोवर अंगावर जाड काही घालू नका. म्हणून गोधडी पायाशी घडी करून ठेवली होती.

शेजारच्या खाटेवर तांड्यावरची एक बाई होती. ओढणीला आरसे लावलेले, कशिदा असा की बघतच राहावं. तिची पोरगी आकाशएवढीच. दिवसभर दोघी बोलत बसायचो. मी तिला ओट्याचं सांगितलं, पारूमावशीचं सांगितलं, मुंग्यांचंही सांगितलं, तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसली. नाव विचारायचं मात्र राहून गेलं. टेन्शनमध्ये माणूस नको ते सगळं बोलतं आणि पाहिजे तेच विसरतं.

तिच्या पोरीला डिस्चार्ज मिळाला. बाहेर बोचरा वारा, जीप उघडी, जायचं सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला. तिनं आपली ओढणी काढून पोरीला गुंडाळली, तरी पोरगी कुडकुडत होती.

मी गोधडी उचलली आणि तिच्या हातात दिली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "लेकराची झोप देऊन राहिलीस काय गं?"

हातच पुढं गेला होता. परत मागावी असं मनात आलंही, पण पोरगी तोवर त्या पिवळ्या कापडात तोंड खुपसून गप झाली होती.

ती बाई जायला निघाली आणि दारातून माघारी आली. आकाशच्या खाटेशी वाकली. त्याच्या डोक्यापासून टाचेपर्यंत तिनं आपली वीत टाकत नेली. टाच आली तिथं थांबली नाही. पुढं नुसत्या गादीवर तिनं आणखी एक वीत टाकली.

आजारी लेकराला कोणी मोजतं का? मी म्हटलं, "बाई, असं मोजू नको गं."

ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला समजलं नाही. मग जीपचा हॉर्न वाजला आणि ती गेली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या कुठून पैदा केल्या देव जाणे, पण दवाखान्यातच दृष्ट काढली.

आकाश वाचला. घरी आला, रांगला, चालला. झोप मात्र पुन्हा पहिल्यासारखी, दचकून उठायची. ओट्यावर नवीन गोधडी शिवली, तिच्यात तो पाय ठेवीना. त्या बाईचं मोजणं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. रोज अंघोळीला पाणी घालताना माझीच वीत त्याच्या पाठीवर फिरायची.

पुढच्या हिवाळ्यात, बाजाराच्या दिवशी, मावशीनं मला हाक मारली. ओट्यावर एक गाठोडं होतं. एक बाई ठेवून गेली म्हणाली, बस म्हटलं तर बसली नाही, तिची जीप उभी होती.

मी गाठ सोडली. मधे राखणदाराचं पिवळं धोतर. त्याच्याभोवती सासूबाईंच्या लुगड्याचा हिरवा काठ. आणि त्याच्या बाहेरून, चारी बाजूंनी, लाल कापडाची नवी पट्टी, आरसे लावलेली. मी हात ठेवून बघितलं. पट्टी बराबर एक वीत होती.

नव्या पट्टीचा कोपरा चाचपला. आत बारीक, कडक काहीतरी लागलं.

आकाशला तिच्यात झोपवलं. डोक्यापासून टाचेपर्यंत मावला. मी मावशीकडं बघितलं, पण त्या दिवशी मला कुठला 'काहून' सुचला नाही. मावशी म्हणाली, "सुई ओव."

तर आता एक काम करा. सिद्धेश्वरकडच्या तांड्यांवर कोणाचं जाणं-येणं असेल, आणि आरशाच्या ओढणीची, पोरीला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात राहिलेली बाई भेटली, तर तिला माझा निरोप द्या. स्वतः जात नसाल तर जाणाऱ्याला सांगा. म्हणावं, गोधडी बराबर बसली.

आणि म्हणावं, आता पुन्हा पाय बाहेर यायलेत.